हॅटी आजीचे रुमाल

गेल्या महिन्यात या सदराच्या टपालात एका मुलीचे पत्र आले. ती चित्रकलेचे शिक्षण घेते. पत्र लहान आहे, पण त्यातला प्रश्न लहान नाही. जयंती आली, वस्तीतल्या मंडळाचा वर्धापनदिन आला, की माणसे मोठ्या हक्काने तिच्याकडे येतात आणि एकच चित्र मागतात. तुटलेली साखळी, उगवता सूर्य, उंचावलेला हात, हातात लेखणी. हे चित्र तिने इतक्या वेळा काढले आहे की आता हात आपोआप चालतो; मन मात्र जागचे हलत नाही. तिच्या वर्गातल्या इतर मुली मांजर काढतात, खिडकी काढतात, स्वतःच्या आईची पावले काढतात. आपण असले काही काढले तर आपली माणसे म्हणतील, ही समाजाला विसरली. आणि नाही काढले तर आपण चित्र काढणेच विसरून जाऊ, असे तिला वाटते.

वाचकहो, हा प्रश्न त्या एका मुलीचा नाही. आपले कवी, शाहीर, गायक यांनाही तो ठाऊक आहे. मंचावर गेले की त्यांच्याकडे तीच एक रचना मागितली जाते आणि टाळ्याही तिलाच पडतात. मागणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसते. प्रेमानेच मागतात. पण त्या प्रेमाने कलावंताची वाट कधीकधी अडते, हेही खरे.

या मुलीला उपदेश करण्याऐवजी (तो या पानावर तसाही कमी नसतो) मी आज अमेरिकेतील एका काळ्या कलावतीची ओळख करून देते. त्यांचीही एकच कलाकृती जगाने डोक्यावर घेतली. बाकीच्या कामाकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. आणि माझ्या मते, ज्याला काही नवे करावयाचे आहे त्याने पाहावे असे पुष्कळसे त्या बाकीच्या कामातच आहे.

त्यांचे नाव बेटी सार. आपल्याला हिंदीतली 'बेटी' आठवेल, पण तो केवळ योगायोग. जन्म 30 जुलै 1926, लॉस एंजेलिस शहरात. त्यांची कला मिश्र माध्यमाची. म्हणजे केवळ रंग आणि कॅनव्हास नव्हे, तर जुन्या बाजारात, अडगळीत मिळालेल्या वस्तू, खिडकीच्या चौकटी, पेट्या, छायाचित्रे, बाहुल्या, कापडाचे तुकडे, असे सारे एकत्र जुळवून त्यातून कलाकृती उभी करायची. इंग्रजीत या प्रकाराला असेम्ब्लेज म्हणतात.

ज्या कृतीमुळे त्या जगाला माहीत झाल्या ती 1972 सालची, 'ऑन्ट जेमायमाची मुक्ती'. अमेरिकेत पॅनकेक नावाची गोड धिरडी न्याहारीला खातात. त्यांच्या तयार पिठाचा 'ऑन्ट जेमायमा' हा छाप 1889 पासून चालत आलेला. त्यावर डोक्याला फडके बांधलेली, जाडजूड, सदा हसतमुख अशी काळी स्वयंपाकीण. गोऱ्यांच्या घरात राबूनही आनंदी असणारी! गुलामगिरीच्या आठवणी गोड करून विकण्याचाच तो धंदा होता. त्यातला 'ऑन्ट' हा शब्दही पाहण्यासारखा आहे. आपल्याकडे मावशी, आत्या म्हटले की मान दिला असे होते. तिथे मात्र वयस्क काळ्या स्त्रीला 'मिसेस' म्हणण्याचा मान द्यावयाचा नसे, म्हणून 'ऑन्ट' म्हणत.

सारबाईंना जुन्या बाजारात अशाच एका काळ्या मोलकरणीची छोटी मूर्ती मिळाली. स्वयंपाकघरात चिठ्ठ्यांचे कागद अडकवण्यासाठी केलेली. तिच्या एका हातात झाडू होता. दुसऱ्या हातात सारबाईंनी बंदूक दिली. मागे पिठाच्या खोक्यावरचे तेच हसरे चेहरे रांगेने चिकटवले, पायाशी कापूस पसरला, पुढे काळ्या हाताची घट्ट मूठ उभी केली. सगळी मिळून कलाकृती फूटभर उंचीची आणि त्याहून कमी रुंदीची, एका हाताने उचलता येईल एवढी. बर्कले शहरात रेनबो साइन नावाचे काळ्या लोकांचे सांस्कृतिक केंद्र होते, तिथल्या प्रदर्शनासाठी ती केली होती. बर्कलेला लागूनच ओकलंड. ब्लॅक पँथर पक्ष 1966 साली तिथे निघाला आणि त्याचे नाव घेऊन दलित पँथर मुंबईत उभी राहिली ती याच 1972 साली. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध जोडण्याचे कारण नाही, पण साल ध्यानात राहावे. पिठाच्या कंपनीने ते चित्र आणि नाव काढून टाकण्याचे जाहीर केले ते जून 2020 मध्ये आणि 2021 मध्ये नवे नाव दिले. म्हणजे कलाकृतीनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी.

ही कृती मोठी आहे, यात वाद नाही. परंतु हिच्यापाशीच थांबलो तर एक गोष्ट सुटते. त्या वर्षी सारबाई पंचेचाळिशी ओलांडलेल्या, तीन मुलींच्या आई होत्या. त्यांच्या हाताला बंदुकीपूर्वी आणि बंदुकीनंतर पुष्कळ काही ठाऊक होते.

वडील 1931 साली वारले, तेव्हा बेटी जेमतेम पाच वर्षांची. आई शिवणकाम करी. तेव्हा अमेरिकेत मोठी मंदी पसरलेली होती. त्या काळातल्या गरीब घरात कुठलीच वस्तू एका कामापुरती नसे. कपडा फाटला की त्याचे दुसरे काही होई. हे आपल्या वाचकांना समजावून सांगावे लागणार नाही. वॉट्स नावाच्या वस्तीत बेटीची आजी राहात असे. तिच्याकडे गेले की वाटेत एक माणूस काम करताना दिसे. सायमन रोडिया हे त्याचे नाव. इटलीहून आलेला, फरशा बसवणारा कामगार. त्याने आपल्या जागेत 1921 ते 1954 अशी तेहेतीस वर्षे एकट्याने लोखंडी सळ्या आणि सिमेंटचे मनोरे उभारले आणि त्यांत फुटक्या बाटल्या, बश्यांचे तुकडे, फरश्यांच्या कपच्या, शिंपले जडवले. सर्वांत उंच मनोरा सुमारे शंभर फुटांचा. तो निघून गेल्यावर नगरपालिकेला ते धोकादायक वाटले, पाडायचे ठरले. 1959 मध्ये यंत्र लावून, जोराने ओढून त्यांची परीक्षा घेतली. मनोऱ्यांना काही झाले नाही. ते आजही उभे आहेत. टाकलेल्या वस्तूंतून असे काही घडू शकते, हे लहानग्या बेटीने शाळेत नव्हे तर रस्त्यावरून जाताना पाहिले.

1949 साली त्यांनी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून डिझाइन या विषयात पदवी घेतली. त्या काळी काळ्या मुलीने 'चित्रकार' व्हावे असे कोणी फारसे सुचवीत नसे. हाताला काम मिळेल असे काही शिक, ही रीत. पुढे त्यांनी समाजसेविकेची नोकरी केली आणि कर्टिस टॅन या मित्राबरोबर तांब्यावर मीनाकाम करून वस्तू विकल्या. 1952 मध्ये रिचर्ड सार या मातीची भांडी घडवणाऱ्या कलावंताशी विवाह झाला. तीन मुली झाल्या. 1958 नंतर डिझाइन शिकवण्याची पात्रता मिळवावी म्हणून त्या पुन्हा महाविद्यालयात जाऊ लागल्या आणि तिथे छापचित्रांच्या कार्यशाळेत शिरल्या. मग शिकवण्याचा बेत मागे पडला.

ही छापचित्रे म्हणजे त्यांचे पहिले कमी परिचित काम. त्यातली एक पद्धत सांगण्यासारखी आहे. धातूच्या पत्र्यावर मेणासारखा मऊ लेप देतात. त्या लेपावर जाळीदार कापड, पान, दोरा असे काहीही दाबायचे. वस्तू उचलली की तिच्याबरोबर लेपही निघतो. मग पत्रा आम्लात बुडवला की उघड्या जागी आम्ल धातू खाते आणि त्या वस्तूची नक्कल पत्र्यावर कोरली जाते. शाई भरून कागदावर छापले की लेसची वीण, पानाची शीर जशीच्या तशी उतरते. घरात पडलेल्या वस्तू चित्रात येण्याची सवय सारबाईंना इथेच लागली असे मला वाटते. मुलांच्या आईला दिवसभर एका जागी बसून कॅनव्हास रंगवणे जमत नाही. दाबणे, उचलणे, पुन्हा दाबणे जमते. या चित्रांतले विषय कोणते? आपल्याच मुली, गरोदर बाई, किडे, पक्षी, चंद्र, हाताचे पंजे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांची अशी कागदावरची 42 सुरुवातीची कामे मिळवली आणि 2019 मध्ये त्यांचे प्रदर्शन भरवले. तोपर्यंत त्यांतली पुष्कळशी पन्नास वर्षांची झाली होती.

1967 साली पॅसाडेना येथे त्यांनी जोसेफ कॉर्नेल यांच्या पेट्यांचे प्रदर्शन पाहिले. कॉर्नेल हे लहान काचपेट्यांत जुनी चित्रे, गोट्या, नकाशे मांडून एकेक जग उभे करणारे कलावंत. मग सारबाईंनी स्वतःची छापचित्रे टाकून दिलेल्या खिडक्यांच्या चौकटीत बसवायला सुरुवात केली. 1969 सालची 'काळ्या मुलीची खिडकी' ही त्यातली महत्त्वाची. एक जुनी लाकडी खिडकी. वर नऊ लहान तावदाने, त्यांत चंद्र, चांदण्या, सिंह, सांगाडे, एका गोऱ्या बाईचे जुने छायाचित्र. खाली मोठ्या काचेवर काळ्या मुलीची आकृती. चेहऱ्याला नाकडोळे नाहीत, केवळ डोळ्यांच्या जागी अशी चित्रे की आपण बाजूला सरकलो तर ती पापणी मिटते आणि उघडते. दोन्ही तळवे काचेला टेकलेले. ती बाहेर पाहाते आहे की आत येऊ मागते आहे, ते ठरवता येत नाही.

इथे आपले वाचक अडखळणार, हे मी जाणून आहे. त्या तळव्यांवर ग्रहराशींच्या खुणा आहेत. सारबाईंच्या कितीतरी कामांत हस्तरेषा, ताईत, भविष्य सांगण्याचे पत्ते येतात. ज्यांनी घरातले देव्हारे आणि गंडेदोरे जाणीवपूर्वक दूर केले, त्यांना हे रुचणार नाही. मलाही या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही आणि तो कोणी ठेवावा असेही मी म्हणणार नाही. तरीही ती खिडकी पाहताना मला असे दिसले की मुलीच्या हातावर कोणी काहीही लिहिलेले असो, तिला अडवते आहे ती काच. आणि ती काच ग्रहांनी बसवलेली नाही. सारबाईंना हाच अर्थ अभिप्रेत होता की नाही हे मी सांगत नाही. हा माझा अर्थ आहे. दुसऱ्याची श्रद्धा न घेताही त्याचे चित्र घेता येते.

आता रुमालांकडे येते. खरे म्हणजे त्यांच्यासाठीच हा लेख लिहायला बसले.

वडील गेल्यावर बेटीला ज्या नातलगांचा आधार मिळाला त्यांत हॅटी नावाची, नात्याने आजी लागणारी एक बाई होती. ती 1974 साली वारली. तिच्या घरातल्या वस्तू सारबाईंकडे आल्या. हातरुमाल, लेसचे तुकडे, हातमोजे, पत्रे, जुनी छायाचित्रे. सोनेनाणे नव्हे. वाटणी करताना ज्यावर कोणी हक्क सांगत नाही, अशा वस्तू.

दोनच वर्षांपूर्वी बंदुकीची बाई करून नाव झालेले. कुणाही कलावंताला मोह पडला असता की आता आणखी बंदुका कराव्यात. सारबाईंनी तसल्या कृती पुढे मुळीच केल्या नाहीत असे नाही. पण हॅटी गेल्यावर त्यांनी एका वर्गात नाव घातले, तिथे स्वतःच्या आयुष्याची रोजनिशी कशी लिहावी हे शिकवीत. आधी त्या लिहू लागल्या. मग रुमाल हाती घेतले. रुमालाच्या कापडावर कधी छायाचित्र, कधी लेस, कधी वाळलेले फूल अशी लहान लहान चिकटचित्रे झाली. पेट्याही झाल्या. 1975 सालच्या एका पेटीला त्यांनी थेट हॅटीचेच नाव दिले. 1976 च्या एका कामात जुनी पत्रे आणि हातमोजे आहेत.

या कामांत शत्रू नाही. गोरा मालक नाही, पिठाची कंपनी नाही. कुणाला उत्तर द्यावयाचे नाही. एक काळी बाई होती, तिच्याकडे इस्त्री केलेले रुमाल होते, ती नीटनेटकी होती, तिला पत्रे येत, तिला कोणीतरी प्रिय होते, एवढेच. आणि एवढेच सांगायला फार धीर लागतो. कारण बंदुकीचे चित्र काढले तर आपली माणसेही टाळ्या देतात आणि परकी माणसेही दचकून पाहतात. रुमालाचे चित्र काढले तर दोघेही विचारतात, यात काय आहे? ऑन्ट जेमायमाला बंदूक देऊन सारबाईंनी दुसऱ्यांनी काढलेले आपले चित्र फोडले. ते फुटल्यावर त्या जागी कोणाचा चेहरा होता, हे दाखवायचे राहिले होते. हॅटीचे रुमाल ते दाखवतात. माझ्या दृष्टीने ते पहिल्या कामाइतकेच लढाऊ आहेत, पण हे म्हणताना मी थोडी चाचरते, कारण 'लढाऊ' म्हटल्याशिवाय आपल्याकडे कशाला किंमत येत नाही म्हणूनच मी तो शब्द वापरला असेल.

त्या पुन्हा कधी संतापल्या नाहीत असे कोणी समजू नये. 1990 च्या दशकात त्यांनी कपडे घासण्याचे जुने फळे गोळा केले. लाकडी चौकटीत पन्हाळी पत्रा बसवलेला फळा, त्यावर साबण लावून कपडा घासायचा. काळ्या बायकांनी पिढ्यान्पिढ्या गोऱ्यांचे कपडे त्यावर धुतले. सारबाईंनी त्यांच्यावर कष्टकरी बायकांची चित्रे आणि शब्द बसवले. 1998 चे आणखी एक काम आहे. इस्त्री करण्याचे जुने टेबल, त्याच्या पृष्ठभागावर गुलामांच्या जहाजाचा नकाशा, ज्यात माणसे लाकडाच्या ओंडक्यांसारखी दाटीने रचलेली दिसतात. जुनी इस्त्री साखळीने टेबलाला बांधलेली. मागे दोरीवर वाळत घातलेली पांढरीशुभ्र चादर आणि तिच्या कोपऱ्यात कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या अतिरेकी संघटनेची तीन अक्षरे विणलेली. ती चादर धुऊन, इस्त्री करून कोणी दिली असेल, हे आपोआप कळते. पाहणारा गप्प होतो.

इथे एक अवघड गोष्ट आहे. राबणुकीची अवजारे जपून ठेवावीत काय? आपल्या वाडवडिलांनी गावकीच्या कामाची साधने जाणूनबुजून फेकून दिली आणि ते योग्यच केले. ती फेकल्याशिवाय पाठ सरळ झाली नसती. सारबाईंचे उदाहरण देऊन कोणी म्हणेल की ती पुन्हा आणून भिंतीवर टांगा, तर मी त्याला साथ देणार नाही. ज्याची पाठ त्या ओझ्याने वाकली त्याने ते डोळ्यांसमोर नको म्हटले, तर प्रश्न मिटला. पण जे अजून कुणाच्या तरी माळ्यावर पडून आहे, ते भंगारात घालण्यापूर्वी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारावे, हे काय आहे म्हणून. कधीकधी उत्तर मिळते ते वस्तूपेक्षा मोठे असते.

सारबाईंचे सगळेच मला पटते असे नाही. 1997 साली कारा वॉकर या तरुण काळ्या कलावतीला मोठा मान मिळाला. ती काळा कागद कापून गुलामगिरीच्या काळातील भयंकर आणि बीभत्स प्रसंगांच्या आकृत्या करते. सारबाईंना वाटले, ही आपल्याच लोकांची विटंबना गोऱ्यांच्या करमणुकीसाठी मांडते आहे. त्यांनी कलाक्षेत्रातल्या अनेकांना पत्रे पाठवून आपला विरोध कळवला. ज्यांनी स्वतः मोलकरणीची हिणवणारी मूर्ती उचलून वापरली, त्यांनीच दुसरीला असे रोखावे, हे मला विचित्र वाटते. त्यांची भीती मात्र खोटी नव्हती. दुखऱ्या चित्राला हात घातला की ते कोणाच्या घरात टांगले जाईल, हा प्रश्न येतोच. एवढे मात्र दिसते की थोर कलावंताकडून प्रेरणा घ्यायची म्हणजे त्याची आज्ञा घ्यायची असे नव्हे.

आता पत्र लिहिणाऱ्या मुलीसाठी आणि तिच्यासारख्या इतरांसाठी काही कामाच्या गोष्टी. मंडळाचे चित्र काढायचे सोडू नये. लोकांना ते हवे आहे आणि त्यांना ते मागण्याचा अधिकार आहे. पण त्याच आठवड्यात घरातली पत्र्याची ट्रंक उघडावी. आपल्या ट्रंकांत काय काय असते! आजीचे विरलेले लुगडे, गिरणीचा बिल्ला, शाळा सोडल्याचा दाखला, जुने रेशनकार्ड, लग्नपत्रिका, 1956 साली नागपूरला जाताना नेसलेले पांढरे पातळ. यातले एक काहीतरी निवडावे. एकच. रुमालाएवढ्या जागेत मावेल असे काम करावे, मोठे करू नये. मोठे करायला गेले की पुन्हा सूर्य आणि साखळी येते.

मूळ छायाचित्र कधीही कापू नये, त्यावर डिंक लावू नये. झेरॉक्स किंवा प्रत काढून घ्यावी आणि ती वापरावी. छायाचित्राच्या मागे माणसांची नावे लिहून ठेवावीत, पण मऊ पेन्सिलीने. बॉलपेनची शाई आणि दाब पुढच्या बाजूला उमटतो. जुने कापड चिकटवण्यापेक्षा सैल टाक्यांनी शिवावे. टाका उसवता येतो, डिंक निघत नाही. गोधडी शिवणाऱ्या बायकांना हे शिकवायला नको. उलट मुलींनी त्यांच्याजवळ बसून धावदोरा शिकून घ्यावा. आम्ल आणि पत्र्याचा खटाटोप घरी करू नये, ते कार्यशाळेचे काम. पण नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासण्याचा खेळ आपण सर्वांनी केला आहे. तसाच लुगड्याच्या काठावर, जात्याच्या टाकीवर, दाराच्या कडीवर पातळ कागद ठेवून घासावे. वस्तू जागच्या जागी राहाते आणि तिची खूण आपल्याकडे येते. आणि सारबाईंप्रमाणे आधी चार ओळी लिहून पाहाव्यात, ही वस्तू कोणाची, ती शेवटची कधी वापरली, ती वापरणारी बाई कशी बोलत असे. चित्र अडले की बहुधा माहिती कमी पडलेली असते.

साधन बदलून पाहायलाही हरकत नाही. 1987 मध्ये सारबाई अमेरिकेतील एमआयटी या प्रसिद्ध तांत्रिक संस्थेत काही काळ राहिल्या. तिथे त्यांना संगणकाच्या आतल्या हिरव्या पट्ट्या, तारांची नक्षी असलेल्या, दिसल्या. त्यांनी त्या उचलून आपल्या कामात बसवल्या. पुढे वयाची नव्वदी ओलांडल्यावर, 2023 मध्ये, हंटिंग्टन नावाच्या बागेसाठी त्यांनी सतरा फुटांची जुनी लाकडी होडी मांडली आणि त्याच बागेतला काडीकचरा वेचून तिच्याभोवती पसरला. लहानपणी त्या याच बागेत येत असत.

त्याच्या थोडे आधी साऱ्या जगात कोरोनाची साथ होती. बाजार बंद, जुन्या वस्तूंचे बाजारही बंद. सारबाईंनी घरातच वर्षानुवर्षे जमवलेल्या काळ्या बाहुल्या काढल्या. लहानपणी त्यांच्या वाट्याला काळी बाहुली आलेली नव्हती. या सगळ्या मोठेपणी गोळा केलेल्या. कुणाचे डोळे बटणांचे, कुणाचे अंग चिंध्यांचे. सहा दशके वस्तू जुळवून काम करणाऱ्या या बाईंनी त्या बाहुल्यांना हात लावला नाही. त्यांना समोर बसवले, जलरंगाची पेटी आणि वही घेतली आणि एकेकीचे चित्र काढले. ती चित्रे 2021 साली लॉस एंजेलिसमध्ये प्रदर्शित झाली. तेव्हा त्यांना पंच्याण्णव वर्षे पूर्ण झाली होती. चित्रांतल्या बाहुल्यांच्या हातात झाडू नाही आणि बंदूकही नाही. बहुतेकींची पार्श्वभूमी गडद निळी आहे, रात्रीच्या आकाशासारखी.